बॉम्ब पडले, तरी जहाजं तांबड्या समुद्राकडे का वळली नाहीत?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देताहेत व्यापारी जहाजावरून निवृत्त झालेले कॅप्टन, ताराबाई पार्क, कोल्हापूर.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझी लहान फौंड्री आहे. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग जर्मनीला जातात. २०२४ च्या जानेवारीत अमेरिका-ब्रिटननं यमनवर हवाई हल्ले सुरू केले, तेव्हा आमचा फॉरवर्डर, म्हणजे माल परदेशी पाठवून देणारा एजंट, म्हणाला, आता महिनाभरात सुएझचा रस्ता मोकळा होतोय. त्या भरवशावर जुन्या भाड्यानं ऑर्डर घेतली आणि अंगाशी आली. एवढी विमानं, एवढी क्षेपणास्त्रं वापरूनही एक समुद्री रस्ता उघडत नाही, हे कसं?
— एक उद्योजक, शिरोली

उत्तर : सुएझच्या वाटेवर तांबड्या समुद्राचं दक्षिणेकडचं तोंड म्हणजे बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी. ती कुणी फाटक लावून बंद केली नव्हती. एका बाजूला यमन, दुसऱ्या बाजूला जिबूती, मध्ये जेमतेम तीस किलोमीटर पाणी. जहाज आजही घालता येतं, तेव्हाही येत होतं. प्रश्न होता तो घालायचं कुणी आणि कुणाच्या हिमतीवर. हे ठरवतात जहाजाचा मालक, विमा उतरवणारा आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभा असलेला कॅप्टन. यातला एकही माणूस लष्कराच्या हुकमाखाली नसतो.

तुम्ही शिरोलीचे, म्हणून विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं. फूटभर पाणी उतरलं असं ऐकून कुणी आपली भरलेली गाडी त्यात घातली का? खालचा रस्ता शाबूत आहे याची खात्री होईपर्यंत सगळे थांबले. जहाजमालक तसाच थांबतो, फक्त त्याची गाडी काही कोटी डॉलरची असते आणि आत वीस-बावीस माणसं असतात.

आता घटनाक्रम बघा. १९ नोव्हेंबर २०२३ ला हुथींनी, म्हणजे यमनचा बराच भाग ताब्यात असलेल्या सशस्त्र संघटनेनं, हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळवलं. डिसेंबरात मर्स्क, हापाग-लॉइड, एमएससी अशा मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपकडून न्यायला सुरुवात केली. म्हणजे युरोपच्या फेरीला दहा ते पंधरा दिवस जास्त, आणि तेवढं इंधन जास्त. तुमचं भाडं तिथं वाढलं. १२ जानेवारी २०२४ च्या पहाटे हवाई हल्ले झाले. ब्रिटनची टायफून विमानं सायप्रसहून उडाली, अमेरिकेची विमानवाहू नौकेवरून. रडार, गोदामं, क्षेपणास्त्र सोडण्याच्या जागा फोडल्या.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २६ जानेवारीला, नाफ्था हे पेट्रोलसारखं पटकन पेटणारं तेल घेऊन चाललेल्या ‘मार्लिन लुआंडा’वर क्षेपणास्त्र आदळलं. जहाजावर बावीस भारतीय होते. आपली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ मदतीला धावली, नौदलाचे जवान जहाजावर चढले आणि खलाशांच्या बरोबरीनं आग विझवली. टँकरवर नाफ्था पेटणं काय असतं हे मला समजतं. त्या रात्री ज्यांनी होसपाईप धरले, त्यांना माझा सलाम आहे. पण विमा कंपनीनं त्या बातमीतून एवढंच वाचलं, की हल्ले करूनही धोका तसाच आहे. युद्धजोखमीचा हप्ता पूर्वी जहाजाच्या किमतीच्या एक दशांश टक्क्याहूनही कमी असायचा, तो एक टक्क्याच्या आसपास गेला. पाच कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीसाठी पाच लाख डॉलर! त्यापेक्षा वळसा घातलेला परवडतो.

हल्ल्यांनी धोका का संपत नाही? कारण मारायचं काय, हेच हाताला लागत नाही. लाँचर ट्रकवर असतो, डोंगरातल्या गुहेत लपतो, सोडला की जागा बदलतो. ड्रोन स्वस्त असतो. ते पाडणारं क्षेपणास्त्र लाखो डॉलरचं. आणि शंभरातला एक ड्रोन जरी लागला, तरी व्यापाराच्या दृष्टीनं रस्ता गेलाच. हल्ला करणाऱ्याला समुद्र जिंकायचा नसतो, विमेवाल्याला घाबरवायचं असतं.

याचा पुरावा २०२५ मध्ये मिळाला. हुथी म्हणत होते की हे सगळं गाझासाठी आहे. जानेवारीत तिथं युद्धविराम झाला, व्यापारी जहाजांवरचे हल्ले थांबले आणि ‘गॅलेक्सी लीडर’चे पंचवीस खलाशी चौदा महिन्यांनी सुटले. गाझात पुन्हा बिनसलं. १५ मार्चपासून अमेरिकेनं सात आठवडे यमनवर बॉम्ब टाकले, हजाराहून जास्त लक्ष्यं मारली म्हणून सांगितलं, आणि ६ मे ला ओमानच्या मध्यस्थीनं समझोता करून थांबली. जुलैत एकाच आठवड्यात ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजं बुडवली गेली. दुसऱ्या जहाजावरची माणसं मेली, काहींना पकडून नेलं.

मला दोन कामं वेगळी मोजायची आहेत. जहाजावर येणारं क्षेपणास्त्र हवेत पाडणं, जळत्या जहाजावर माणसं पाठवणं, हे नौदलाचं काम आहे आणि त्यानं जीव वाचले. युरोपियन देशांची ‘ॲस्पिडीस’ मोहीम एवढंच करत होती, जमिनीवर हल्ले करत नव्हती. किनाऱ्यावर बॉम्ब टाकणं हे दुसरं काम. १७ एप्रिल २०२५ ला रास इसाच्या तेलबंदरावर हल्ला झाला, सत्तरहून जास्त माणसं गेल्याचं हुथींच्या आरोग्य खात्यानं सांगितलं. बंदरात काम करणारे, टँकर भरायला आलेले ड्रायव्हर. ज्यांच्या हातांनी आमची जहाजं रिकामी होतात, ती ही माणसं. व्यापाराचा रस्ता राखायचा म्हणून बंदरातलाच कामगार मारायचा, हे मला पटत नाही, आणि रस्ताही त्यानं राखला गेला नाही.

आता तुमच्या धंद्याचं. पुढची ऑर्डर घेताना शक्य तर एफओबीवर घ्या, म्हणजे न्हावाशेवाला माल जहाजावर चढला की पुढचं भाडं गिऱ्हाइकाचं. सीआयएफच (भाडं आणि विमा तुमच्या अंगावर) द्यायचं असेल तर भाडेवाढीचं कलम करारात लिहून घ्या आणि माल पोचायची तारीख केपच्या हिशेबानं धरा. मालाच्या विम्यात युद्धजोखीम आपोआप नसते, ती वेगळी घ्यावी लागते आणि कंपनी थोड्या दिवसांच्या नोटिशीवर काढून घेऊ शकते. शिवाय ‘जनरल ॲव्हरेज’ समजून घ्या : संकटात जहाज आणि माल वाचवायला झालेला खर्च जहाजमालक आणि सगळे मालधनी यांच्यात वाटला जातो. तुमच्या कास्टिंगला ओरखडाही आला नसला तरी वाट्याची हमी दिल्याशिवाय कंटेनर सुटत नाही. विमा असेल तर ती हमी आणि तो वाटा विमेवाला बघतो.

प्रश्न : माझा मुलगा डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून पहिल्यांदा जहाजावर चाललाय. तांबड्या समुद्राचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्याला तिथं जायला नाही म्हणता येतं का?
— एक आई, गारगोटी

उत्तर : ताई, येतं. खलाशांच्या संघटना आणि जहाजमालक यांच्यातल्या आंतरराष्ट्रीय करारात ज्या भागाला युद्धजन्य क्षेत्र ठरवतात, तिथं जायला खलाशी नकार देऊ शकतो, आणि कंपनीनं स्वखर्चानं त्याला घरी पाठवायचं असतं. गेलाच तर जादा पगार आणि दुप्पट भरपाई. मात्र हा करार सगळ्याच जहाजांना लागू नसतो. मुलाच्या जहाजाला लागू आहे का, ते सही करण्याआधी लेखी विचारा.

भीती खोटी नाही. जून २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात ‘ट्यूटर’ या जहाजावर हुथींची बिनमाणसाची होडी आदळली, त्यात इंजिन रूममधला एक फिलिपिनो खलाशी गेला. पण मुलाला घरी बसवा असं मी म्हणणार नाही. हे काम चांगलं आहे, मी त्यावर घर केलं.

एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना हवा, तो डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या खात्याच्या वेबसाइटवर तपासता येतो. भरतीसाठी मुलाकडून पैसे घ्यायची त्याला परवानगी नाही. मागितले तर तिथूनच उठा. वारस म्हणून तुमचं नाव कागदावर आहे ना, तेही पाहा. कराराचा कागद इंग्रजीत असेल, अडलं तर मासिकाच्या पत्त्यावर प्रत पाठवा, मी वाचून कळवतो. पण त्यानं सही करण्याआधी पाठवा.