विचारा बिनधास्त: वीकेंडला काय केलं, हे इंग्रजीत कसं सांगू?

प्रश्न: ताई, मी चोपड्याचा, नोकरी पुण्यात. दर सोमवारी कॉलवर लंडनची टीम असते, काम सुरू व्हायच्या आधी विचारतात, हाउ वॉज युअर वीकेंड? मी म्हणतो, गुड, जस्ट टाइमपास. की सगळे गप्प. कामाचं इंग्रजी जमतं पण ह्या गप्पा नाही जमत. हॉबी म्हणून काय सांगू?

उत्तर: भाऊ, आधी ते 'माय हॉबी इज' सोड, निबंधात ठीक आहे ते, गप्पांमध्ये तिकडचे लोक सहसा 'आय प्ले अ बिट ऑफ क्रिकेट' नाहीतर 'आयम इन्टू कुकिंग' असं म्हणतात. टाइमपास आपल्याकडेच चालतो, लंडनवाल्याला काय कळणार? घरीच लोळला असशील तर 'नॉट मच, जस्ट टुक इट ईझी' म्हण, भागतं तेवढ्यावर.

पण थंडीत गावाकडे जाऊन आलास, मळ्यात भरीत पार्टी झाली, तरी तू टाइमपासच सांगणार का? अरे सांग ना, 'वी हॅड अ पार्टी ऑन अवर फार्म, वी रोस्टेड ऑबर्जीन्स ओव्हर ड्राय कॉटन स्टॉक्स'. ब्रिंजल नको म्हणू, ब्रिटिश वांग्याला ऑबर्जीन म्हणतात आणि समोर अमेरिकन असेल तर एगप्लांट. आता कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात हे ऐकून कोण गप्प बसेल, तो विचारणारच, व्हाय कॉटन? मग तू सांग, 'इट गिव्ज अ लव्हली स्मोकी टेस्ट', आणि कळण्याची भाकरी, पुऱ्या वगैरे पुढचं ओघाने येतंच. छंदाचं नुसतं नाव घेतलं की विषय संपतो रे, त्यातलं एखादं बारीकसं काहीतरी सांगितलं की समोरच्याला विचारायला जागा मिळते. आणि उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही, लगेच 'हाउ अबाउट यू?' विचारायचं, हे आपली मंडळी हमखास विसरतात. तो गार्डनिंग म्हणाला तर 'व्हॉट डू यू ग्रो?', फुटबॉल म्हणाला तर 'हू डू यू सपोर्ट?', बस, मग तोच बोलत बसेल.

व्याकरणाचं जास्त टेन्शन नको. 'आयम प्लेइंग एव्हरी संडे' तेवढं टाळ, आपण तरी दर रविवारी 'खेळतो' म्हणतो, 'खेळतोय' नाही म्हणत, तसंच तिथे 'आय प्ले'. आणि एन्जॉयपुढे टू लावायचं नाही, 'आय एन्जॉय कुकिंग'.

प्रश्न: मी धुळ्याची, सध्या अमेरिकेत लेकीकडे आलेय. शेजारीण विचारते, व्हॉट डू यू डू फॉर फन? मला कसला आलाय छंद, घरकामातच जन्म गेला.

उत्तर: मावशी, नुसतं 'व्हॉट डू यू डू' विचारलं तर ती नोकरी-धंदा विचारतेय, पुढे 'फॉर फन' आलं की आवडीचं काय करता ते. गोधड्या शिवता की नाही? अहो, अमेरिकेत क्विल्टिंग म्हणजे मोठा छंद, त्याचे क्लब असतात, दुकानं असतात. बिनधास्त सांगा, 'आय मेक क्विल्ट्स बाय हँड, फ्रॉम ओल्ड सारीज'. मोबाइलमध्ये फोटो मात्र काढून ठेवा आधीच, कारण ती लगेच 'कॅन आय सी?' म्हणणार.