लक्षवेधी ‘लागते’ म्हणजे काय होतं?

कळव्यात राहणाऱ्या, मूळच्या शहापूर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: “गावच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘पाणीटंचाईवर आमदारसाहेबांची लक्षवेधी लागली’. मुलगी आठवीत आहे. तिने विचारलं, बाबा, लक्षवेधी काय? भाषण की बातमी? विशेषणाच्या पुढचं नाम कुठे गेलं? मला सांगता येईना. हे मराठी चूक आहे का? आणि ‘लागली’ कशाला?”

चूक अजिबात नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की मुलगी ‘आठवीत’ आहे. आठवी काय? इयत्ता. ती आपण कधीच गाळून टाकली आणि कुणाचं काही अडलं नाही. लक्षवेधीच्या पुढचा गळालेला शब्द आहे ‘सूचना’. विधानसभेच्या कामकाजात पूर्ण नाव ‘लक्षवेधी सूचना’ असंच छापतात. तातडीच्या, सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्याचं लक्ष वेधायचं आणि मंत्र्याने त्यावर निवेदन करायचं, अशी ती सोय. मतदान नाही, ठराव नाही. ग्रामीण भागातल्या आमदाराला हे हत्यार फार सोयीचं पडतं, कारण एका तालुक्याचं दुखणं अर्थसंकल्पावरच्या लांबलचक चर्चेत बुडून जातं, इथे मात्र त्या एकाच विषयावर मंत्र्याला उभं राहावं लागतं. ही पद्धत 1954 साली लोकसभेत सुरू झाली. हिंदीत तिला ‘ध्यानाकर्षण’ म्हणतात. म्हणजे सभागृहातला हा अर्थ घेऊन हिंडणारी ‘लक्षवेधी’ काही ज्ञानेश्वरांच्या काळापासूनची नाही.

आता गंमत बघा. नाम जातं, पण जाताना आपलं लिंग मागे ठेवून जातं. सूचना स्त्रीलिंगी, म्हणून ‘लक्षवेधी लागली’. आमदाराने ‘तारांकित’ विचारला असं म्हणतो, कारण तिथे ‘प्रश्न’ गळालाय. ‘दैनिक बंद पडलं’ म्हणतो, तिथे ‘वृत्तपत्र’ लपलंय. आणि व्याकरणाचं पुस्तक उघडायचं नसेल तर संध्याकाळी ठाणे स्टेशनवर उभे राहा. “फास्ट गेली का?” “कसारा गेली, आता टिटवाळा येईल.” कसारा हे गाव नपुंसकलिंगी, फास्ट तर इंग्रजी, तरी दोन्ही ‘गेली’च. गाडी कुणी उच्चारत नाही, पण क्रियापदाला ती पक्की माहीत असते. तुम्ही रोज याच व्याकरणावर घरी जाता.

नवी मुंबईत याचा चुलतभाऊ सापडतो. “साडेबारा टक्के मिळाले का?” असं तिथल्या गावांत विचारलं तर व्याजाचा दर कुणाच्या डोक्यात येत नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी संपादन झालेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा विकसित भूखंड, एवढा सगळा अर्थ त्या आकड्यात बसलाय. त्यामागे दि. बा. पाटलांसारख्या, विधानसभेत आणि लोकसभेत दोन्हीकडे बसलेल्या लोकप्रतिनिधीचा लढा आहे आणि जानेवारी 1984च्या आंदोलनात गेलेले पाच जीवही आहेत. शब्द गळतात ते लोकांना विषय तोंडपाठ झालेला असतो म्हणून.

‘लागली’बद्दल. आमदार लक्षवेधी ‘देतो’, म्हणजे लेखी सूचना देतो. अध्यक्ष ती स्वीकारतात. मग त्या दिवसाच्या कामकाजाच्या यादीत ती ‘लागते’. गडकरी रंगायतनला नाटक लागतं, कोर्टात केस बोर्डावर लागते, रेशनच्या रांगेत नंबर लागतो, तेच हे लागणं: आपली पाळी यादीत येणं. त्यानंतर आमदार सभागृहात उभं राहून ती ‘मांडतो’. तेव्हा मेसेज पाठवणाऱ्याने ‘लागली’ लिहिलं असेल तर काटेकोरपणे बघता साहेब अजून बोललेले नसण्याची शक्यता आहे. ‘लावली’ हे मात्र कार्यकर्त्यांचं मराठी. त्यात साहेबांनी वजन खर्च केल्याचा वास येतो. मला तो आवडतो.

मुलीला आणखी एक सांगा. काही जण ‘लक्ष्यवेधी’ लिहितात, ते इथे नको. लक्ष्य म्हणजे नेम धरायची वस्तू, लक्ष्यवेधी अर्जुन. मराठीत ‘लक्ष दे’मधलं लक्ष वेगळं, आणि ‘लक्ष वेधणे’ या आपल्या वाक्प्रचारातून हा शब्द आलाय. आमदाराला मंत्र्याचं लक्ष हवं असतं, मंत्र्याचा डोळा नव्हे.

लक्षवेधीचा मजकूरही वाचून दाखवा, कारण तसं मराठी दुसरीकडे कुठे मिळत नाही. सगळी सूचना म्हणजे एकच वाक्य, आणि त्याला शेवटपर्यंत क्रियापद नसतं. ढाच्यात बसवून नमुना मीच रचतो: “शहापूर तालुक्यात भातसा, तानसा यांसारखी धरणे असून त्यांचे पाणी मुंबईला जात असणे, धरणांलगतच्या गावपाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावे लागणे, महिलांना पाण्यासाठी पायपीट करावी लागणे, त्यामुळे ग्रामस्थांत पसरलेला असंतोष, याबाबत शासनाने करावयाची कार्यवाही व उपाययोजना.” असणे, लागणे, पसरलेला, करावयाची. कोण करणार, कधी करणार, याला व्याकरणात जागाच नाही. ते मंत्र्याच्या तोंडून काढायचं असतं. शाळेत मुलीने असं वाक्य लिहिलं तर बाई लाल शाईने गोल काढतील आणि ते बरोबरच होईल, पण या एका ठिकाणी ते शोभतं.

आता राहिला एक बारीक प्रश्न, तुम्ही न विचारलेला. लक्षवेधी पूर्ण नाम झालं का? अनेकवचन करून बघा. ‘तीन लक्षवेधी लागल्या’ म्हणतो. क्रियापद अनेकवचनी, शब्द जागच्या जागी. ‘लक्षवेधींना उत्तर दिलं’, ‘लक्षवेध्यांना’ नाही. याउलट एकादशी घ्या. तीही मुळात विशेषणच, अकरावी तिथी. पण तिथी इतकी जुनी होऊन गळाली की आजी सरळ म्हणते, “यंदा अधिकात दोन एकादश्या जास्तीच्या.” नदी-नद्या, एकादशी-एकादश्या. दासी, दृष्टी असे न बदलणारे संस्कृत शब्दही आहेत, त्यामुळे एवढ्या एका कसोटीवर निकाल देता येत नाही, पण माझ्या कानाला तरी लक्षवेधी अजून सूचनेचा हात धरून उभी आहे.

छापलेलं ‘लक्षवेध्या’ मी कुठे वाचलेलं नाही. ऐकलंय एकदाच. आमच्या सोसायटीत मुरबाडकडचे एक काका आहेत, सगळी हयात गावच्या राजकारणात गेलेली. गेल्या अधिवेशनानंतर लिफ्टमध्ये भेटले तर म्हणाले, “आमच्यावाल्याच्या चार लक्षवेध्या लागल्या, पण बोलू दिलं एकीवरच.”