‘प्रेस’: नाशिकरोडची, वर्तमानपत्राची आणि शिंप्याची

नाशिकला नव्याने राहायला आलेल्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे : नाशिकरोडचे शेजारी ‘मी प्रेसमध्ये आहे’ म्हणाले, तेव्हा ते पत्रकार असावेत असे वाटले, कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र ‘प्रेस’ म्हणजे इस्त्री. एकाच इंग्रजी शब्दाला इतके अर्थ कसे, आणि त्याचा नेमका मराठी प्रतिशब्द कोणता?

शेजारी बहुधा नोटांच्या किंवा मुद्रांकांच्या छापखान्यात असतील. पूर्वी आपली टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. १९२५ मध्ये नाशिकरोडला तिकिटे आणि मुद्रांक छापणारी सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये नोटांची प्रेस सुरू झाली, आणि तेव्हापासून त्या भागात हा शब्द जवळजवळ विशेषनामच होऊन बसला.

मूळ अर्थ एकच, दाबणे. लॅटिनमधील त्या धातूतून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. आपल्या कुकरमधले ‘प्रेशर’ त्याच कुळातले, आणि ‘प्रिंट’सुद्धा. हा अर्थ डोळ्यांनी पाहायचा असेल, तर हंगामात नाशिकजवळच्या एखाद्या वायनरीत जावे. तेथील आधुनिक प्रेसमध्ये एक पडदा हवेने हळूहळू फुगतो आणि द्राक्षे इतक्या बेताने दाबतो, की रस निथळतो, पण बिया फुटून कडवटपणा उतरत नाही. मागे राहतो तो चोथा. युरोपात याच कामासाठी मळसूत्राची लाकडी यंत्रे होती. १४५० च्या सुमारास जर्मन मुद्रक गुटेनबर्गने तशाच धाटणीच्या यंत्राने शाई लावलेल्या अक्षरांच्या खिळ्यांवर कागद दाबला, आणि छपाईच्या यंत्राला तेच नाव मिळाले.

पुढे यंत्रावरून छापखाना, छापखान्यावरून वर्तमानपत्रे आणि वर्तमानपत्रांवरून पत्रकारवर्ग असा अर्थ सरकत गेला. आपण ‘भावांनी चुली वेगळ्या केल्या’ म्हणतो, तेव्हा चूल म्हणजे संसार असतो; ही चाल तशीच आहे. म्हणूनच १८७८ च्या व्हर्नाक्युलर प्रेस अ‍ॅक्टला मराठीत ‘देशी वृत्तपत्र कायदा’ म्हणतात, ‘छापखाना कायदा’ नव्हे.

कपड्यांच्या बाबतीत इंग्रजीत एक बारीक भेद आहे, आणि तो मला फार आवडतो. इस्त्री कापडावरून पुढेमागे फिरवणे वेगळे आणि प्रेस करणे वेगळे : शिंपी शिवणीवर ओलसर फडके टाकतो, इस्त्री टेकवून क्षणभर दाबतो आणि उचलून पुढे ठेवतो. आपल्या बोलण्यात दोन्हींना ‘प्रेस’ चालते.

एक अर्थ मात्र या कुळातला नाही. माणसाला सक्तीने कामाला लावणे या अर्थाचा ‘प्रेस’ मुळात उसनी किंवा आगाऊ रक्कम या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून आला. भरतीच्या वेळी खलाशाच्या किंवा सैनिकाच्या हातावर विसार ठेवीत, त्यावरून. दाबण्याच्या अर्थाशी त्याची गाठ नंतर पडली. त्यासाठी ‘वेठीस धरणे’ हा आपला शब्द अगदी चपखल आहे.

तेव्हा सर्वत्र चालेल असा एक प्रतिशब्द शोधू नये. बटण दाबावे, मुद्दा लावून धरावा, द्राक्षांचा रस गाळावा, बातमी वृत्तपत्रांकडे द्यावी. नाशिकरोडच्या प्रेसला मात्र प्रेसच म्हणावे. तिच्या अधिकृत हिंदी नावात ‘मुद्रणालय’ असले, तरी रिक्षात बसल्यावर तो शब्द उपयोगी पडत नाही.