प्रमाणपत्र तारण ठेवता येत नाही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

निकाल लागून नवी मुले नोकरीला लागली की महिन्या-दोन महिन्यांत ह्या सदराकडे एकाच आशयाची पत्रे येऊ लागतात : रुजू होताना कंपनीने मूळ गुणपत्रिका आणि पदवीचे प्रमाणपत्र ठेवून घेतले, आता मागितले तर मिळत नाही. पूर्वी सुटी उत्तरे दिली. ह्या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरे सर्वसाधारण आहेत. तुम्ही कोणत्या कागदावर सही केली आहे ते वकिलाने वाचल्याशिवाय त्यांच्या आधारे पाऊल उचलू नये.

प्रश्न : कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने माझी दहावी, बारावी व पदवीची मूळ कागदपत्रे ‘पडताळणीसाठी’ घेतली. सात महिने झाले. एचआर विभाग म्हणतो, हे कंपनीचे धोरण आहे. ते कायदेशीर आहे का? (वाचक, फोंडा)

पडताळणी म्हणजे मूळ कागद आणि झेरॉक्स शेजारी ठेवून पाहणे. त्याला सात महिने लागत नाहीत; विद्यापीठाकडून खातरजमा करायची असली तरी ती झेरॉक्सवरून होते. दुसऱ्याची वस्तू येणे रकमेपोटी अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 171 ने बँका, अडते, धक्केवाले (धक्क्यावर माल उतरवून ठेवणारे), उच्च न्यायालयाचे अ‍ॅटर्नी आणि विमा दलाल एवढ्यांनाच दिला आहे. इतरांना तो स्पष्ट करार असल्याखेरीज मिळत नाही, आणि नोकरी देणारा मालक ह्या यादीत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने तर शैक्षणिक प्रमाणपत्र ही बाजारात विकता येणारी वस्तूच नसल्यामुळे तिच्यावर ह्या कलमाखाली असा हक्क सांगता येत नाही, असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात वकिलालादेखील थकलेल्या फीसाठी अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवण्यास मनाई केली. जे आम्हा वकिलांना करता येत नाही, ते एचआर विभागाच्या ‘धोरणा’ला करता येईल असे मला वाटत नाही. मात्र नेमणूकपत्रात किंवा वेगळ्या कागदावर तुम्ही प्रमाणपत्रे ठेवण्यास संमती दिली असेल, तर ती संमती सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध म्हणून करार कायद्याच्या कलम 23 खाली आव्हान देण्याजोगी आहे का, हे तो कागद पाहूनच सांगता येईल. तो घेऊन वकिलाकडे जावे.

प्रश्न : केंद्र सरकारने नव्या कायद्यात प्रमाणपत्र ठेवणाऱ्या कंपनीला पाच लाखांचा दंड ठेवला आहे, असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला. खरे का? (वाचक, म्हापसा)

नाही. नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि त्यांत नेमणूकपत्र देणे सक्तीचे झाले, हे खरे. पाच लाखांच्या दंडाचे असे कलम त्यांत नाही. 2018 सालच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनाही अशाच फिरवल्या जातात. त्या विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आहेत, कंपन्यांसाठी नव्हेत. फॉरवर्ड केलेला संदेश घेऊन एचआरशी भांडायला जाऊ नये.

प्रश्न : वेर्ण्यातील नोकरी आठव्या महिन्यात सोडली. दोन वर्षांचा दीड लाखाचा बॉण्ड होता. पैसे भरल्याशिवाय पदवी प्रमाणपत्र देणार नाही, असे कंपनी सांगते. बॉण्ड बेकायदेशीर असतो ना? (वाचक, वास्को)

सरसकट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली आहे, त्यामुळे ‘बॉण्डला काही अर्थ नसतो’ हे कट्ट्यावरचे मत बाजूला ठेवावे. तो निकाल सरकारी बँकेच्या भरतीखर्चाच्या पार्श्वभूमीवर आहे. तुमच्या कंपनीलाही दीड लाख आपोआप मिळतील असे मात्र नाही, कारण करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारातली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आतली वाजवी भरपाईच देते. प्रशिक्षणावर खरोखर किती खर्च झाला, हा प्रश्न तिथे निघतोच. पण कंपनीचे पैसे निघत असले तरी तिने त्यासाठी दावा लावावा. येणे वेगळे आणि प्रमाणपत्र वेगळे. एकासाठी दुसरे अडवता येत नाही. बॉण्डची प्रत घेऊन सल्ला घ्या आणि तोवर ‘तडजोड’ म्हणून कोऱ्या धनादेशावर सही करू नका.

प्रश्न : माझ्या मुलीची प्रमाणपत्रे जुन्या कंपनीने दीड वर्ष दिलेली नाहीत. कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याने सुचवले की ‘हरवली’ असे प्रतिज्ञापत्र करून पोलिसांचा दाखला घ्या, दुय्यम प्रती मिळतात. तो सगळे एकरकमी करून देतो. पुढच्या सोमवारी तिला नव्या ठिकाणी रुजू व्हायचे आहे. करावे का? (पालक, वाळपई)

करू नये. ह्या प्रश्नाला मी लांबलचक उत्तर देणार आहे, कारण हा ‘पॅकेज’चा धंदा मी रोज पाहतो आणि त्यात अडकतात ती तुमच्या मुलीसारखी प्रामाणिक मुले.

प्रमाणपत्र हरवलेले नाही, ते कुठे आहे हे तुम्हांला ठाऊक आहे. असे असताना शपथेवर ‘हरवले’ म्हणणे हे खोटे प्रतिज्ञापत्र आहे आणि तो गुन्हा आहे. टायपिंगवाल्याचे पैसे मिळाले की त्याचा संबंध संपतो. सही तुमच्या मुलीची राहते. उद्या जुन्या कंपनीने मूळ प्रमाणपत्र आपल्याकडेच असल्याचे नव्या कंपनीला कळवले, तर दोष असलेली कंपनी बाजूला राहील आणि खोटे बोलल्याचा ठपका मुलीवर येईल. शिवाय ‘हरवले’ असे एकदा लिहून दिल्यावर ‘कंपनीने अडवून ठेवले’ ही खरी तक्रार तिने कोणत्या तोंडाने करायची?

दीड वर्षात कंपनीकडे एक तरी लेखी मागणी केली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुतेकांनी केलेली नसते. फोन करतात, ओळखीच्या माणसाकरवी शब्द टाकतात, ‘साहेब रजेवर आहेत’ ऐकून परत येतात, आणि नव्या नोकरीच्या आदल्या आठवड्यात वकिलाकडे धावतात. कोणती कागदपत्रे, कोणत्या तारखेला, कोणाच्या हाती दिली आणि ती किती दिवसांत परत हवीत, असे एक पानी पत्र आजच लिहा. ते ईमेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. सुपूर्द केलेली वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत मागणी केल्यावर मिळालेल्या नकारापासून मोजली जाते, म्हणून मागणीची तारीख कागदावर असणे महत्त्वाचे. रुजू होताना पावती घेतली असेल तर उत्तम; नसेल तर एचआरने कागदपत्रे मागवल्याचा जुना ईमेल किंवा मेसेज शोधा आणि तो पुसू नका.

पत्राला दाद मिळाली नाही तर वकिलामार्फत नोटीस, आणि त्यानंतर दिवाणी न्यायालयात विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 7 व 8 खाली तीच वस्तू परत मिळवण्याचा दावा. पैशांच्या भरपाईने काम भागत नाही अशा वस्तूंना कलम 8 लागू होते आणि प्रमाणपत्र त्यात चपखल बसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली विश्वासघाताची तक्रारही काही प्रकरणांत होऊ शकते. पण त्यात अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो, आणि पोलीस ‘हा दिवाणी मामला’ म्हणतात तेव्हा ते दर वेळी चुकीचे असतात असेही नाही. तो मार्ग सल्ल्याशिवाय धरू नये. दरम्यान पाटो, पणजी येथील कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी, कारण तिथून गेलेल्या एका पत्रानेही पुष्कळ कपाटे उघडतात. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाइन 15100.

आता सोमवारचे. नव्या कंपनीला खरी परिस्थिती लेखी कळवा आणि मागणीपत्राची प्रत सोबत जोडा. डिजिलॉकरमध्ये संबंधित संस्थेने जारी केलेली गुणपत्रिका उपलब्ध असेल तर ती द्या. 2016 च्या नियमांप्रमाणे ती मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते.

प्रश्न : अनुदानित शाळेच्या व्यवस्थापनाने माझे बी.एड.चे प्रमाणपत्र ठेवले आहे. (शिक्षिका, केपे)

आधी व्यवस्थापनाला लेखी मागणी करा, मग पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाकडे तक्रार. संस्था अनुदानित असल्याने पर्वरीतील उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिकेचा विचार होऊ शकतो, जो खासगी कंपनीविरुद्ध सहसा होत नाही. याचिका टिकेल का, ते वकिलाला विचारा.

प्रश्न : जहाजावरच्या नोकरीसाठी एजंटने पासपोर्ट ‘सेफ्टीसाठी’ ठेवून घेतला आहे. (तारवटी होऊ पाहणारा वाचक, काणकोण)

आजच परत मागा. पासपोर्ट ही कायद्याने केंद्र सरकारची मालमत्ता आहे. व्हिसाच्या कामापुरता दिलेला पासपोर्ट काम झाल्यावर एजंटकडे राहण्याचे कारण नाही. त्याच्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, हेही तपासा. नसेल तर प्रश्न पासपोर्टपुरता उरत नाही.

प्रश्न : माझे कळंगुटला छोटे हॉटेल आहे. मुले ऐन डिसेंबरात न सांगता निघून जातात. प्रमाणपत्र न ठेवता मी स्वतःला सुरक्षित कसे करू? (हॉटेलमालक)

मालकाचे पत्र आले, बरे वाटले. तुमचा त्रास खरा आहे, पण कपाटातल्या प्रमाणपत्राने पाहुण्यांच्या खोल्या आवरल्या जात नाहीत. ज्याला जायचे आहे तो जातोच आणि नंतर त्याच्या वकिलाची नोटीस तुम्हांला येते. नेमणूकपत्र द्या आणि त्यात दोन्ही बाजूंना सारखीच लागू होणारी नोटिशीची मुदत ठेवा. हंगाम पूर्ण करणाऱ्याला वेगळी रक्कम देण्याची अट घालता येते. पगार अडवण्याचा विचारही करू नका : वेतन संहितेच्या कलम 17 प्रमाणे राजीनामा दिलेल्याचे वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावे लागते. नेमणूकपत्राचा मसुदा इंटरनेटवरून उतरवण्याऐवजी वकिलाकडून एकदाच करून घ्या. आणि आज तुमच्या कपाटात कोणाची मूळ कागदपत्रे असतील तर ती सही घेऊन ह्याच आठवड्यात परत करा.