दोघांनी क्लासिकवरून पुणे ते लेह जायचं, तर अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या घ्याव्यात की कापडी सॅडलबॅगा?

तुम्ही लिहिलंय की गाडी रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 आहे, जूनमध्ये पुण्याहून मनालीमार्गे लेहला जायचंय, बायको मागे बसणार आहे आणि पेट्या की कापडी बॅगा यावर घरात एकमत होत नाहीये. आमच्या घरात मागे बसणारी मी, आणि सामान भरायचं-बांधायचं कामही माझंच. अशा प्रश्नांची बहुतेक उत्तरं हँडल धरणारा देतो, म्हणून मी मागच्या सीटवरून देते.

माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या या प्रवासासाठी कापडी बॅगा घ्या. पण दुकानात जाण्याआधी गाडी मेन स्टँडवर लावा आणि बायकोला रायडिंग जॅकेट, बूट, हेल्मेट घालून मागे बसवा. तुम्हीही पुढे बसा. आता तिच्या पोटऱ्या कुठे येतात, टाचा कुठे येतात, पाठीमागे किती जागा उरते, हे टेपने मोजा. उरलेली जागा सामानाची. दोघांच्या प्रवासात बॅग किती लिटरची हा हिशोब यानंतर येतो.

आता वजन. गाडीच्या मॅन्युअलमध्ये गाडीचं स्वतःचं वजन आणि माणसं-सामानासकट चालणारं कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांतला फरक काढा. समजा तो 180 किलो आला. तुम्ही 75, बायको 60, म्हणजे 135 इथेच गेले. दोघांची हेल्मेटं, जॅकेटं, बूट धरून आणखी 12. उरले 33. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पेट्या आणि त्यांची लोखंडी फ्रेम मिळून रिकाम्याच 15 किलोच्या आसपास जातात. हत्यारं, जादा ट्यूब, पंप, पाणी आणि पेट्रोलचा कॅन यांना साधारण 10 किलो धरा. मग दोघांच्या थंडीच्या कपड्यांना उरतं ते फारच थोडं. कापडी सॅडलबॅगांची जोडी चार-पाच किलोत बसते. वाचलेल्या दहा किलोंत दोघांचे गरम कपडे येतात.

पेट्यांबद्दल माझी दुसरी हरकत वजनापेक्षा गंभीर आहे. मनाली-लेह रस्त्यावरच्या बारालाचा खिंडीच्या आसपास बर्फ वितळून रस्त्यावर नाले वाहतात, दुपारनंतर पाणी वाढतं, खाली गोटे असतात. अशा ठिकाणी गाडी डगमगली की चालवणाऱ्याचा पाय आपोआप जमिनीवर जातो. गाडी पुढे सरकत असते आणि मागून पेटीची धातूची कड येऊन पोटरीवर आदळते, किंवा पाय पेटीखाली सापडतो. कापडी बॅग तिथे दबते. गाडी आडवी पडली तर मागच्या माणसाच्या पायाचंही तेच. त्यामुळे कच्च्या रस्त्यावर दोघं जाणार असतील तर मी पेट्यांचा आग्रह कुणालाही करणार नाही.

पेट्या वाईट आहेत असं मात्र नाही. डांबरी रस्त्याने कोकण, गोवा, कर्नाटक असा प्रवास असेल तर कुलूप लागतं, पाणी शिरत नाही, हॉटेलात पोचल्यावर काढायला सोप्या. सीटच्या मागे कॅरिअरवर बसणाऱ्या पेटीला, म्हणजे टॉपबॉक्सला, पाठ टेकता येते, हे सुख मला फार मोलाचं वाटतं. पण टॉपबॉक्स मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे, उंचावर असतो. मागे आधीच एक माणूस बसलेलं असताना तिथे वजन वाढवलं की पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर हँडल तरंगल्यासारखं वाटतं. टॉपबॉक्स बसवायच्या प्लेटवर किंवा बॉक्सवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळाच.

आता कापडी बॅगांचं. व्हायाटेरा, रायनॉक्स यांसारख्या भारतीय कंपन्यांकडे चांगले पर्याय आहेत. दोन्ही बाजू मिळून 50 ते 60 लिटर आणि मागे आडवी टाकायची 30-40 लिटरची एक बॅग, एवढं दोघांना पुरतं. त्याहून मोठी घेऊ नका, कारण जागा असली की ती भरतेच. तोंड गुंडाळून बंद करायची, आतून जलरोधक अशी बॅग निवडा. वरून घालायच्या रेनकव्हरवर विसंबू नका. चाकाचं पाणी खालून आणि मागून उडतं, शिवाय हायवेवर वाऱ्याने कव्हर उडून जातं. परतीच्या वेळी जुलै लागला तर गुजरातपासून पुढे पाऊस तुमच्यासोबतच असेल. बॅग साधी असेल तर आत जाड प्लास्टिकच्या पिशव्या घाला. काम होतं.

बॅग लटकवायला लडाख कॅरिअर किंवा सॅडल स्टे, म्हणजे बॅगेला आधार देणारी लोखंडी चौकट, लागेलच. डाव्या बाजूला साडी गार्ड बॅगेला चाकापासून थोडं दूर ठेवतं, पण उजवीकडे खाली सायलेन्सर आहे. बॅग आणि सायलेन्सर यांच्यातलं अंतर दोघं बसल्यावर मोजा, रिकाम्या गाडीवर नाही. शॉकॲब्जॉर्बर दबले की बॅग खाली येते आणि कापड वितळतं. बॅगेमुळे इंडिकेटर, मागचा दिवा, नंबरप्लेट झाकली जात नाही ना तेही बघा. सॅडलबॅगा जोडणारे मधले पट्टे मागच्या सीटखालून जाऊ द्या. सीटवरून गेले तर तासाभरात मांडीखाली रुततात, आणि हे फक्त मागे बसणाऱ्यालाच कळतं.

मागची आडवी बॅग सीटवर पुढे सरकता कामा नये. ती कॅरिअरवरच बसली पाहिजे, आणि तिची उंची बायकोच्या कमरेच्या थोडी वर, एवढीच. फार उंच झाली तर चढता-उतरताना पाय टाकायला जागा राहत नाही. सामान लादल्यावर चढायची पद्धत ठरवून घ्या: आधी तुम्ही बसून दोन्ही पाय रोवा, ब्रेक धरा, मग ती डाव्या फूटरेस्टवर उभी राहून दोघांच्या मधल्या जागेतून पाय पलीकडे टाकेल. ती "हं" म्हणेपर्यंत गाडी हलवू नका. नाल्यापाशी, चिखलात, खराब वळणावर हे अनेकदा करावं लागतं. आणि कृपा करून तिच्या पाठीवर सॅक देऊ नका. पहिल्या दिवशी काही वाटत नाही, पण खड्ड्यागणिक ते वजन खांद्यांना मागे ओढतं आणि राजस्थानच्या उन्हात पाठ भाजून निघते.

जड वस्तू खाली आणि पुढे: हत्यारं, ट्यूब, साखळीचं तेल सॅडलबॅगांच्या तळाशी, पुढच्या कोपऱ्यात. दोन्ही बाजूंचं वजन सारखं करा, वाण्याच्या काट्यावर नाही तरी हाताने उचलून. हलके पण फुगीर कपडे मागच्या बॅगेत. रेनकोट, औषधं, सुका खाऊ, कागदपत्रं पेट्रोलच्या टाकीवर बसणाऱ्या टँकबॅगेत, म्हणजे पावसात सगळं सामान सोडायची वेळ येत नाही.

पेट्रोलचं वेगळं सांगते. मनालीहून लेहकडे जाताना लागणाऱ्या तांडीच्या पंपावरची, पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. तुमची टाकी 13 लिटरची. दोघं, सामान आणि घाटात खालचे गिअर, म्हणजे भरवसा ठेवण्याइतकी ती मोठी नाही. पाच लिटर जादा घ्या, पण पेट्रोलसाठीच बनवलेल्या कॅनमध्ये, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला. काठोकाठ भरू नका. वाटेतली तंगलंग ला ही खिंड 5,300 मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब कमी असल्याने कॅन फुगतो. झाकण हळूहळू उघडा. टाकीत जागा झाली की ते पेट्रोल लगेच ओतून टाका, उगाच वाहत राहू नका.

निघण्याआधी एकदा सगळं सामान लादून, दोघांनी बसून ताम्हिणी घाटाने दिवेआगरला जाऊन या. मागच्या शॉकॲब्जॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवा, मागच्या टायरमध्ये मॅन्युअलप्रमाणे दोघांसाठीची हवा भरा, आणि हेडलाइट वर गेला असेल तर खाली घ्या. परत आल्यावर कॅरिअरचे सगळे नटबोल्ट तपासा. नवीन कॅरिअरचे पहिल्या खेपेत ढिले होतातच, त्यांना लॉकटाइट (बोल्ट ढिले होऊ न देणारा गोंद) लावून घ्या. हुकाच्या रबरी बंज्यांऐवजी चपटे, बकलाचे पट्टे वापरा आणि त्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून टेप लावा, कारण ती साखळीत गेली तर मागचं चाक अडकतं.

बायकोची उंची आणि पाठीमागे उरलेली जागा मोजून इथे लिहा, मागच्या बॅगेचं नेमकं माप सांगते.