लिनक्सचा नेटवर्क ड्रायव्हर वाचताना रिंग, एसके-बफ, नेट-डिव्हाइस यांचा मेळ कसा लावायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात ई१००० ड्रायव्हर वाचायला घेतला, पण नेट-डिव्हाइस, एसके-बफ, डिस्क्रिप्टर रिंग, नॅपी अशी एकामागून एक स्ट्रक्चर्स समोर येतात. प्रत्येकात ढीगभर फील्ड, आणि कोण कोणाला धरून आहे तेच कळत नाही. सुरुवात कुठून करायची?

मी गेली काही वर्षं पुण्यात राउटर बोर्डांचे ड्रायव्हर लिहितो. ई१०००ची निवड उत्तम आहे. इंटेलच्या जुन्या गिगाबिट कार्डांचा हा ड्रायव्हर, आणि क्यूईएमयू हा संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम त्यातलंच एक कार्ड हुबेहूब उभं करतो, त्यामुळे काहीही विकत न घेता हवे तितके प्रिंट टाकून बघता येतं. फक्त फील्ड पाठ करण्याचा नाद सोडा. प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारा: ही मेमरी आत्ता कोणाच्या ताब्यात आहे? कार्डाच्या, ड्रायव्हरच्या, की वरच्या नेटवर्क स्टॅकच्या? ही सगळी स्ट्रक्चर्स या ताब्याची देवाणघेवाण नीट व्हावी म्हणूनच आहेत.

सुरुवात रिंगपासून करा. विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. रिकामी गाडगी खाली जातात, भरलेली वर येतात, माळ तीच फिरत राहते. पॅकेट घेण्याच्या बाजूला नेमकं हेच चालतं. ड्रायव्हर रिकामे बफर रिंगला लावतो, कार्ड ते डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहून) भरतं, ड्रायव्हर भरलेले काढून घेतो आणि त्या जागी पुन्हा रिकामे लावतो. रिंगचा प्रत्येक खाना म्हणजे डिस्क्रिप्टर, एका बफरची नोंद; ई१०००मध्ये तो १६ बाइटचा असतो. पहिल्या ८ बाइटमध्ये बफरचा पत्ता, मग २ बाइट लांबी, २ बाइट चेकसम, १ बाइट स्टेटस, १ बाइट एरर आणि उरलेले २ बाइट व्हीलॅनसारख्या माहितीसाठी. स्टेटसमधला सर्वांत खालचा बिट म्हणजे डीडी, ‘डिस्क्रिप्टर डन’. तो १ झाला की त्या बफरचा ताबा कार्डाकडून तुमच्याकडे आला.

इथे दोन गोष्टींत नवशिके हमखास अडकतात. पहिली म्हणजे, रिंगच्या बरोबरीने ड्रायव्हर आणखी एक ॲरे बाळगतो, बफर-इन्फो नावाचा. डिस्क्रिप्टरमधला पत्ता हा कार्डाला समजणारा डीएमए पत्ता असतो. त्यावरून कर्नलला आपला पॉइंटर परत मिळवता येत नाही. म्हणून डिस्क्रिप्टर क्रमांक ३७चा बफर नेमका कोणता, हे दुसऱ्या ॲरेच्या ३७व्या खान्यात लिहून ठेवावं लागतं. दुसरी म्हणजे, हेड (कार्ड रिंगमध्ये कुठवर आलं) आणि टेल (ड्रायव्हरने कुठवर खाने दिले) सारखे झाले की रिंग रिकामी मानली जाते. पूर्ण भरलेली रिंगही तशीच दिसली असती, म्हणून एक खाना कायम मोकळा सोडतात. कोडमध्ये ‘वजा १’ दिसेल तो यासाठी.

डीडी बिट तपासल्यानंतर लगेच डीएमए-आरएमबी हा बॅरियर (मेमरी वाचण्याचा क्रम बदलू न देणारी सूचना) आहे, तोही वगळून पुढे जाऊ नका. एआरएमसारखा प्रोसेसर लांबी आधी आणि डीडी नंतर वाचू शकतो. मग ताबा मिळाला म्हणून तुम्ही खूश, पण हातात लांबी मात्र जुनीच.

आता एसके-बफ. खुद्द या स्ट्रक्चरमध्ये पॅकेटचे बाइट नसतात, बाइट कुठे आहेत याची नोंद असते. हेड, डेटा, टेल, एंड हे चार पॉइंटर कागदावर काढा (रिंगचे हेड-टेल वेगळे). हेड ते डेटा म्हणजे वहीत सोडलेला समास, डेटा ते टेल म्हणजे मजकूर, टेल ते एंड म्हणजे खालची कोरी जागा. पॅकेट पाठवताना टीसीपी आधीच मोठा समास सोडतो. मग टीसीपी, आयपी आणि इथरनेटचे हेडर एकेक करून त्या समासात बसतात, डेटा पॉइंटर मागे सरकत जातो आणि मूळ मजकूर हलवावा लागत नाही. पॅकेट येताना याच्या उलट: इथरनेटचे १४ बाइट ओलांडून डेटा पुढे सरकतो. मला ही रचना आजही फार देखणी वाटते.

एक सावधगिरी. लेन हे फील्ड संपूर्ण पॅकेटची लांबी सांगतं, डेटा-लेन फक्त वेगळ्या पेजांमध्ये पसरलेल्या भागाची. डेटापासून सलग मिळणारे बाइट म्हणजे या दोघांतली वजाबाकी. हे विसरून लेन इतके बाइट एका फटक्यात मॅप केले, तर कार्ड दुसऱ्याच कोणाची मेमरी वायरवर पाठवेल.

ताब्याचा हिशोब चुकला की काय होतं, ते मी एकदा चांगलंच भोगलं आहे. एका बोर्डावर पाठवलेल्या बाइटांचा आकडा मधूनच अचानक उडी मारायचा. स्लॅब डीबगिंग (कर्नलच्या मेमरी वाटपातल्या चुका पकडणारी सोय) चालू करून रात्रभर ट्रॅफिक चालवला. सकाळी दिसलं की एकाच पॅकेटनंतर आकडा १,८०,२२,०१,९६३ने वाढला आहे. तो हेक्समध्ये लिहून पाहिला: ६बी६बी६बी६बी. मोकळ्या केलेल्या मेमरीत डीबगिंग भरतं तीच ही खूण. कोड उघडला तर रिंगचा टेल रजिस्टर लिहून झाल्यावर, पुढच्याच ओळीत, एसके-बफचा लेन वाचून आकडेवारीत मिळवला होता. टेल लिहिला त्या क्षणी पॅकेट कार्डाचं झालं होतं. कार्डाने ते पाठवलं, दुसऱ्या कोअरवरच्या नॅपी पोलने (हे काय ते पुढे येतंच) एसके-बफ मोकळा केला, आणि आम्ही त्यानंतर त्याची लांबी विचारत होतो. जुन्या बोर्डावर एकच कोअर होता. पाठवण्याचं काम चालू असताना त्या कोअरवर सॉफ्टआयआरक्यू (कर्नलने इंटरप्टनंतर करायला ठेवलेलं काम, नॅपी पोल त्यातच चालतो) शिरू शकत नाही, म्हणून तिथे हे कधीच दिसलं नाही. दुरुस्ती म्हणाल तर लांबी आधी वाचून ठेवायची, ओळ वर सरकवायची.

नॅपी म्हणजे दर पॅकेटला इंटरप्ट न घेता पॅकेट गठ्ठ्याने उचलण्याची पद्धत. तिचं कारण वेगात आहे. १ गिगाबिटवर सर्वांत लहान, ६४ बाइटच्या फ्रेम आल्या तर सेकंदाला सुमारे १४.८८ लाख, म्हणजे दर ६७२ नॅनोसेकंदाला एक. प्रत्येकीला इंटरप्ट दिला तर प्रोसेसर दुसरं काही करूच शकणार नाही. म्हणून पहिल्या इंटरप्टला ड्रायव्हर कार्डाचे पुढचे इंटरप्ट बंद करतो आणि नॅपी-स्ट्रक्ट रांगेत लावतो. मग पोल फंक्शन एका खेपेत साधारण ६४पर्यंत पॅकेट उचलतं. त्याहून कमी मिळाली तरच काम संपलं म्हणायचं आणि इंटरप्ट पुन्हा चालू करायचे. पूर्ण ६४ मिळाली तर रिंगमध्ये अजून असू शकतात, तेव्हा तसंच परतायचं.

नेट-डिव्हाइस मोठं दिसतं म्हणून घाबरू नका. इंटरफेसचं नाव, एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी), मॅक पत्ता, आणि नेटडेव्ह-ऑप्स हा फंक्शन पॉइंटरांचा संच; सुरुवातीला यापलीकडे बघायची गरज नाही. ड्रायव्हरची स्वतःची माहिती त्याच मेमरीत शेजारी असते आणि नेटडेव्ह-प्रिव्हने मिळते.

आता ई१०००_क्लीन_आरएक्स_आयआरक्यू आणि ई१०००_अलॉक_आरएक्स_बफर्स ही दोन फंक्शनं शेजारी शेजारी उघडा. २५६ बाइटपेक्षा लहान पॅकेट नव्या एसके-बफमध्ये कॉपी होऊन मूळ बफर रिंगमध्येच राहतो, आणि रिकामे बफर १६च्या गटाने परत लावले जातात, हे तिथे सापडेल. मग क्यूईएमयूमध्ये इथटूलने (नेटवर्क कार्डाची सेटिंग बदलणारी कमांड) आरएक्स, म्हणजे पॅकेट घेण्याची, रिंग नेहमीच्या २५६वरून ८०वर आणा, बाहेरून पॅकेटांचा मारा करा आणि इथटूलच्या आकडेवारीत आरएक्स-नो-बफर-काउंटवर लक्ष ठेवा. तो वाढायला लागला की रहाट कुठे कमी पडतोय ते तुमच्या डोळ्यांसमोर असेल. तिथे अडलात तर नेमकी ओळ कमेंटमध्ये टाका, मी बघतो.