जेकिल म्हणजे चांगला, हाइड म्हणजे वाईट?

प्रश्न : डॉ. जेकिल औषध पिऊन हाइड बनतो, त्या स्टीव्हन्सनच्या १८८६च्या कादंबरिकेवर आम्ही एकांकिका बसवतोय. सज्जन जेकिल आणि दुष्ट हाइड यांच्यासाठी दोन नट घ्यावेत का?

उत्तर : एकच घ्या. दोन नट आले की जेकिल आपोआप निर्दोष ठरतो, आणि मूळ कथेत तो तसा नाही. शेवटच्या, दहाव्या प्रकरणातला त्याचा कबुलीजबाब नीट वाचा. औषधाने हाइड निखळ दुष्ट होतो, पण जेकिल निखळ सज्जन होत नाही. तो पूर्वीसारखाच भेसळीचा राहतो. अब्रू सांभाळून मजा मारायला हाइड हे त्याचं सोयीचं सोंग. (सिनेमावाले नेमकं हेच गाळतात.)

हाइड धिप्पाड राक्षस नको. कथेत तो जेकिलपेक्षा ठेंगणा आणि तरुण आहे, कारण जेकिलची ही दुष्ट बाजू आजवर कमी वापरली गेली. जेकिलचा डॉक्टर मित्र लॅन्यन याच्यासमोर तो येतो तेव्हा जेकिलचेच कपडे अंगावर लोंबत असतात, विजार खाली दुमडलेली. म्हणून एकाच कापडाचे दोन कोट शिवा, हाइडचा दोन मापं मोठा. नटाने खांदे आत घ्यावेत, गुडघ्यांत किंचित वाकावं. चेहऱ्याला रंग फासू नका. कथेत हाइडला पाहणाऱ्यांना किळस येते, पण नेमकं व्यंग कुणालाच सांगता येत नाही.

आणि औषध संपतं तो प्रसंग कापू नका. औषधासाठी नव्याने मागवलेला क्षार चालत नाही. पहिल्या साठ्यातली अशुद्धताच काम करत होती, असं जेकिलला वाटतं.